प्लूटोच्या जागेवर

भैरवी पांढरीपांडेच्या तासाला कला शाखेची पोरं हौसेने बसत, पण त्यामागे खगोलशास्त्राची ओढ वगैरे काही नव्हती. ओढ होती ती सहलीची. ‘सूर्यमालेची ओळख’ हा विषय घेतला की गणित फारसं नाही, परीक्षा सोपी आणि शेवटी एक दिवस मौद्याकडे कालव्यावर जायला मिळतं, अशी नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या कॉलेजात ख्याती होती. भैरवीलाही हे ठाऊक होतं. ती हसून सोडून देई. पोरं कोणत्या का कारणाने येईनात, आभाळाकडे एकदा मान वर करतात ना, एवढ्यावर तिचं समाधान होतं.

सहलीची रीत तिनेच बसवलेली. कालव्याच्या भरावावरून सरळसोट मातीचा रस्ता जातो, मध्ये ना वळण ना झाड. दूर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. रस्त्याच्या एका टोकाला मोठा केशरी चेंडू ठेवायचा, तो सूर्य. तिथून मापाने अंतर काढून एकेका ग्रहाच्या जागी एकेक विद्यार्थी उभा करायचा. पृथ्वीच्या हातात हरभरा, गुरूच्या हातात संत्रं, आणि प्रत्येकाकडे एक आरसा. भैरवीने सूर्यापासून उन्हाची तिरीप मारली की ती बुधाने शुक्राकडे, शुक्राने पृथ्वीकडे अशी पुढे पोचवायची, आणि ज्याला मिळाली त्याने ‘पोचली’ म्हणून सूर्याकडे एकदा आरसा चमकवायचा. परतीची खूणही तशीच, फक्त तीनदा. आपल्याला मिळाली की आधी पुढच्याला द्यायची, मगच निघायचं. खूण मिळेपर्यंत जागा सोडायची नाही, हा तिचा नियम होता आणि तो ती बसमध्ये दोनदा बजावून सांगे.

त्या वर्षी ग्रह वाटून झाले तरी रोशनी उरली. तिचा प्रवेश उशिरा झाला होता. ती मौद्याचीच. वडील देवराव एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले, घोटभर पाण्यासाठीही रोशनीला हाक मारणारे. रोशनी रोज बसने नागपूरला ये-जा करी आणि पहिल्या बाकावर बसून शंका विचारी.

“मॅडम, मी प्लूटो होऊ का?”

पोरं हसली. प्लूटोला ग्रहांतून काढल्याला किती वर्षं झाली, हे नुकतंच वर्गात शिकवून झालं होतं. भैरवीही हसली, पण पोरीचा हिरमोड नको म्हणून तिने तिच्या तळहातावर मोहरीचा दाणा ठेवला आणि नेपच्यूनच्याही पुढे, रस्ता जिथे उन्हात विरघळल्यासारखा दिसतो तिथे, फीत बांधलेली काठी रोवून दिली.

सगळं झकास झालं. तिरीप जाताना दिसली, पोरांनी आरडाओरडा केला. मग परतीची खूण गेली. नेपच्यूनच्या जागी केयूर होता. आपण शेवटचे, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं, कारण पुस्तकात तसंच होतं. त्याने आरसा खिशात घातला आणि निघाला. बसमध्ये भैरवीने नेहमीप्रमाणे ग्रहांच्या नावाने हजेरी घेतली. बुधापासून नेपच्यूनपर्यंत सगळे होते. तिने ड्रायव्हरला निघायला सांगितलं.

वर्षानुवर्षं जे ती शिकवत आली होती, त्याच्या बाहेर तिने मोजलं नाही, इतकंच.

धरमपेठेत बस रिकामी झाली तेव्हा मागच्या बाकावर रोशनीची बॅग होती. भैरवीने स्वतःची गाडी काढली आणि ती कशी पोचली ते तिचं तिला कळलं नाही. दिवस मावळत होता. रोशनी काठीपाशीच उभी होती, आरसा छातीशी धरून, तोंड सूर्याच्या टोकाकडे. तिथून तिचं घर पायी जाण्याइतकं जवळ होतं. तिथून ती केव्हाही घरी जाऊ शकली असती.

भैरवीने तिला मिठीत घेतलं. पोरीचे कपडे गार पडले होते. गाडीत बसवताना भैरवी परत परत माफी मागत राहिली, शेवटी म्हणाली, “रागावलीस का गं माझ्यावर?” रोशनी समोर पाहत राहिली. साहजिकच आहे, असं भैरवीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी रोशनीच्या आईचा, सिंधूताईंचा फोन आला. आवाज दबका होता. पोरगी रात्रभर बोलली नव्हती, आणि पहाटे एकाएकी उठून बसली आणि म्हणाली, ‘नाही मॅडम, मी नाही रागावली.’

“खोलीत कोनी नव्हतं मॅडम. कोनासंग बोलून राहिली होती ते?”

भैरवीने काहीतरी समजूत घातली. फोन ठेवल्यावर मात्र तिच्या मनाने आपोआप हिशेब केला. सूर्याचा प्रकाश प्लूटोपर्यंत जायला साडेपाच तास, परत यायला तेवढेच. संध्याकाळचा प्रश्न, पहाटेचं उत्तर. तिला स्वतःच्या या हिशेबाची चीड आली.

रोशनी कॉलेजात आली. हाताला धरून आणली तर चाले, भरवलं तर जेवे. सकाळच्या तासाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती रात्री घरी देई, अगदी बरोबर. डॉक्टरांनी धक्का बसलाय म्हणून गोळ्या दिल्या. पण गोळ्यांनी अंतर कमी होईना, उलट वाढत गेलं. उत्तरं दुसऱ्या दिवसावर गेली, मग चौथ्यावर. पोरगी थांबलेली नव्हती. कुठेतरी पुढे पुढे चालली होती, आणि तिला मागे फिर म्हणायचं राहून गेलं होतं.

तेव्हा भैरवीने ते केलं, जे इतर कुणी केलं असतं तर ती हसली असती. सिंधूताईंची परवानगी घेऊन तिने रोशनीला गाडीत बसवलं आणि भर दुपारी कालव्यावर नेलं. चेंडू ठेवायच्या जागी गाडी उभी केली. रोशनी पुढच्या सीटवर, हात मांडीवर. भैरवी खाली उतरली आणि आरशाने परतीची खूण दिली.

रस्ता रिकामा होता.

तिने पुन्हा दिली. चिमण्यांतून धूर सरळ वर जात होता.

मग दूर, रस्ता संपल्यासारखा दिसतो तिथे, काहीतरी चमकलं.

भैरवीने वळून गाडीत पाहिलं. रोशनी तशीच बसली होती. तिचे हात रिकामे होते.

पुन्हा चमकलं, एकदाच. ही परतीची खूण नव्हती. पहिली तिरीप मिळाल्यावर ‘पोचली’ म्हणून द्यायची, ती होती.

भैरवी गाडी घेऊन त्या दिशेने सुटली. फितीची काठी आली, गेली. चमक अजून पुढेच होती, आधीपेक्षा बारीक. भराव संपून गाडी बांधाला टेकली आणि ती थांबली. स्टिअरिंगवर डोकं ठेवून ती रडली. इतकी वर्षं आपण पोरांना अंतरं शिकवली आणि आपल्याला त्यांतलं एकही खरं वाटलं नव्हतं, असं तिला वाटलं.

उन्हाळ्यात देवराव गेले. भैरवी भेटायला गेली तेव्हा लोक येऊन गेले होते, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढची मेणबत्ती जळून संपत आली होती. देवरावांची खाट अजून काढली नव्हती. रोशनी कोपऱ्यात बसली होती, चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नाही.

“तिले अजून मालूम नाही,” सिंधूताई म्हणाल्या. “म्या सांगतलं, रडून सांगतलं. पन ते पोचाले टाइम लागते.”

“किती?”

“पयले वाटे, पंधरा दिवसांत पोचन. आता महिना म्हना. म्या कुठी जात नाही मॅडम. ज्या दिवशी तिले समजन, त्या दिवशी ते एकटी नसली पायजे. पन थो दिवस रोज पुढंच सरकते.”

भैरवी रोशनीसमोर जमिनीवर बसली. तिचे दोन्ही हात हातात घेऊन, लहान मुलाला सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “रोशनी, माझं चुकलं. मी तुला मोजलं नाही. तू परत ये.” याचं उत्तर ऐकायला आपण असू की नाही, ते तिला सांगता आलं नसतं.

रोशनीने हात सोडवून घेतले आणि उठली. पण पोरगी तिच्याकडे न पाहता माठाकडे गेली, ग्लास भरून खाटेपाशी आली आणि वाकली.

“आली ना बाबा. घ्या, सावकाश. ठसका लागन.”

सिंधूताईंनी पदर तोंडात कोंबला. रोशनीने ग्लास रिकाम्या उशीच्या वर तिरका धरला, आणि पाणी सांडलं तसं हसत ओढणीच्या टोकाने उशी पुसून घेतली.