सूर्याची भाकर

प्रेरणा मुंगवड्या वाळू घालायला स्लॅबवर चढली, तर शेजारच्या स्लॅबवरचा नवा भाडेकरू दुर्बिणीच्या नळीला डोळा लावून वाकलेला. आणि नळी रोखलेली… सरळ सूर्यावर!

ताट टाकून ती कठडा ओलांडून धावली आणि नळीच्या तोंडासमोर हात आडवा धरला.

"अरे बापा! डोये फुटतीन नं तुमचे!"

"नळीच्या तोंडाला फिल्टर लावलाय," तो वाकूनच म्हणाला. "पण आता अंधार झाला. अख्ख्या नेर गावाला ग्रहण लावलं तुम्ही."

तो संघदीप. केळापूरकडचा, इथे आयटीआयमध्ये शिकवायला आलेला. "पाहा तरी," म्हणत तो बाजूला सरकला.

काळोखात तरंगत होती एक पांढरीशुभ्र, गोल चकती. वर दोन काळे ठिपके.

"अगं माय… याची तं भाकर करपली!"

"सौरडाग आहेत ते. पृथ्वीहून मोठे."

"माही माय याहून बारक्या डागाले बोलते."

तो खळखळून हसला.

मग रोजच. हिवाळ्याचं ऊन सायीसारखं दाट, आणि सूर्य नळीत ठरत नसे, हळूच निसटायचा. बोटानं नळी सरकवून त्याला पुन्हा आत घ्यायचं काम प्रेरणानं स्वतःकडे घेतलं. कधी बोटाला बोट लागायचं… आणि मग सूर्य खुशाल निघून जायचा, दोघांनाही पत्ता नसे.

एके दिवशी तिनं सांगून टाकलं, "रविवारी मले पाहाले येऊन राह्यले. दारव्ह्याचे."

"असं…" तो पुन्हा नळीवर वाकला. "कडेला नवा डाग आलाय."

तिचे डोळे भरून आले. "सूर्याकडे घंटाघंटा पाहता. माह्याकडे पाहाले काय होते तुमाले?"

"तिथे… फिल्टर असतो."

"त्या दारव्हेवाल्यापाशी तं काहीच नाही. तो पाह्यनच नं!"

संघदीप सरळ उभा राहिला. प्रथमच त्यानं तिच्याकडे पाहिलं — पापणी न लववता.

"त्यांना नाही म्हणाल?"

"बाबाले कारण लागते."

"मग संध्याकाळी मी येतो. कारण म्हणून. माझी मायही येतेय केळापूरहून."

"इतक्यात? कवा बोलावलं तिले?"

"कालच. तुमच्या आई म्हणाल्या होत्या — पाहुणे यायचेत, मनात काही असलं तर लवकर बोला."

प्रेरणा थक्क! "माही माय? अन् मंग मघापासून गप काहून होते तुम्ही?"

"म्हटलं… तुझ्याच मनात नसलं तर?"

तो 'तू' म्हणाला होता. प्रेरणाला तेवढंच ऐकू आलं. बाकीचं कळायला अंमळ वेळ लागला.