पाटीच्या रंगाचा झगा

थेक्ला लिंडक्विस्टला माप घ्यायला टेप लागत नसे. नटी दारातून आत शिरून आरशापर्यंत पोचेतो तिची छाती, कंबर, पाठ, बाही सगळं थेक्लाच्या डोक्यात उतरलेलं असायचं. टेप ती लावायची ती समोरचीला बरं वाटावं म्हणून. हॉलिवूडच्या त्या स्टुडिओच्या कपडेपटात बावीस वर्षं ती कापड बेतत होती. कपड्यांची चित्रं मिस्टर ऑर्डवे काढत. पण कागदावरचा झगा माणसाच्या अंगावर आणायचा तो थेक्लानेच, हे ऑर्डवेंनाही ठाऊक होतं आणि थेक्लाला तर पुरेपूर. ती चालायचीसुद्धा तशीच, मान ताठ, दंडावर टाचण्यांची उशी एखाद्या पदकासारखी बांधलेली.

१९३७च्या उन्हाळ्यात स्टुडिओने शंभर वर्षांपूर्वीची एक इंग्रजी कादंबरी चित्रपटासाठी घेतली. कॉर्नवॉलच्या बंदरावर दोरखंड वळणाऱ्याची मुलगी, ड्रूसिला वेन, एका कप्तानाच्या प्रेमात पडते. लग्नासाठी ती स्वतःच्या हाताने पाटीच्या रंगाचा लोकरी झगा शिवते. कप्तान परत येत नाही. शेवटच्या पानावर सत्तरीची ड्रूसिला धक्क्यावर एकटी उभी असते. कापडाला कात्री लावण्याआधी थेक्लाने ते पुस्तक तीनदा वाचलं होतं.

स्टुडिओला तो शेवट पसंत नव्हता. त्यांनी कप्तानाला परत आणला, चर्च उभारलं आणि लग्न लावून दिलं.

"बिचारीला शंभर वर्षांनी नवरा मिळाला की हो, मिस थेक्ला," टाके घालता घालता आमपारो म्हणाली. ही थेक्लाच्या हाताखालची शिवणारी. बोलणं तिखट आणि हात मऊ. "माझ्या थोरल्या बहिणीचंही नाव सुचवा ना साहेबांना."

थेक्ला हसली नाही, पण तिने आमपारोच्या टाक्यात खोडही काढली नाही. म्हणजे ती खुशीत होती. झगा खरंच देखणा झाला होता. नायिका कोरिन व्हेल हिच्या मापाचा पुतळा गादीसारखा भरून ठेवलेला होता, त्याच्यावर तो असा बसला होता की कापड विणतानाच अंगावर विणलंय असं वाटावं.

ऑगस्टअखेरच्या एका मंगळवारी सकाळी कोरिन झगा घालून बघायला आली. पाठीमागची बटणं लागेनात.

"काल खाण्यात काही जास्त आलं नाही हं माझ्या," कोरिन म्हणाली. मग बाही नाकाशी नेऊन तिने कपाळाला आठ्या घातल्या. "हा कोणी घातला होता? धुराचा वास येतोय. ओल्या लोकरीचा."

थेक्लाने टेप लावला. कंबर दीड इंच कमी. बाह्या इंचभर आखूड. कोपरांच्या आतल्या बाजूला बारीक चुण्या पडल्या होत्या, दिवसभर हात वाकवून काम केलं की पडतात तशा.

"माप चुकलं, थेक्ला?" ऑर्डवेंनी हळू आवाजात विचारलं. बावीस वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. तिचे कान लाल झाले.

"माझं माप चुकत नाही, मिस्टर ऑर्डवे."

ऑर्डवेंनी टेप स्वतःच्या हातात घेतला, आणि ते तिला जास्त झोंबलं.

कोणीतरी खोडी काढतंय, तिने मनाशी धरलं. दिवसभर बसून तिने सगळ्या शिवणी उसवल्या, पुन्हा मापाने घातल्या आणि प्रत्येक शिवणीच्या आत लाल रेशमाची बारीक गाठ मारून ठेवली. कपडेपटाला स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली घरी नेली.

बुधवारी सकाळी झगा आणखी लहान झाला होता.

गाठी जिथल्या तिथे होत्या, एकही सुटली नव्हती. थेक्लाने भिंग काढून शिवण पाहिली. दर नऊ टाक्यांनंतर एक उलटा टाका घालायची तिला लहानपणापासून सवय होती; मिनेसोटातल्या तिच्या आईने लावलेली, आमपारोलाही न शिकवलेली. शिवणीत दर नऊ टाक्यांनंतर एक उलटा टाका होता. हात तिचाच होता. फक्त या मापावर तिने ते टाके घातले नव्हते.

घेराच्या कडेला पांढरट रेघ उमटली होती. तिने बोट लावून जिभेवर टेकवलं. मीठ.

"टाकून द्या तो," आमपारो दोन पावलं मागे उभी राहून म्हणाली. तिने गळ्यातला क्रूस मुठीत धरला होता. "दुसरा शिवू. मी थांबते तुमच्याबरोबर, हवं तर जेवायलाही जात नाही."

"दुसरा शिवूच," थेक्ला म्हणाली. "पण हा टाकायचा नाही."

दोघींनी संध्याकाळपर्यंत कोरिनसाठी नवा झगा उभा केला. तो झाला की मग थेक्ला पहिल्याकडे वळली. झगा ज्या कुणाच्या मापाचा होऊ पाहत होता, ते माप तिने वहीत उतरवून घेतलं. उंची पाच फूट दोन. कंबर तेवीस. उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली. तो आकडा लिहिताना तिचा हात थांबला. पुस्तकात ड्रूसिलाच्या रूपाबद्दल एकच वाक्य होतं: लहानपणापासून ताग वाहून वाहून तिचा उजवा खांदा उतरला होता.

तिने ते कोणाला सांगितलं नाही. पण त्या खांद्यावर कापड ओढत होतं, तिरकी सुरकुती पडत होती, आणि ते तिला बघवेना. ज्याने कोणी हे केलं होतं त्याला खांदा जमला नव्हता. तिने पुतळ्यातला कापूस काढला, उजवा खांदा खाली दाबला, कंबर बारीक केली आणि मग झग्याची बाही उतरवून नव्याने बसवली. कोणाचंही अंग असो, थेक्लाच्या हातच्या कपड्याला सुरकुती पडता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी मापं आदल्या संध्याकाळचीच होती. एक सूतही हललं नव्हतं. बसला होता झगा. थेक्लाला आतून जे वाटलं त्यात भीती होती; पण भीतीपेक्षा दुसरंच काही जास्त होतं.

त्याच दिवशी चर्चमधल्या लग्नाचं चित्रण होतं. थेक्ला टाचण्या घेऊन सेटवर उभी होती. कोरिन वेदीकडे तीनदा चालत गेली. दिग्दर्शक हॅस्केलने तिन्ही वेळा ठीक म्हणून मान डोलावली आणि दिवे विझले. वेगळं असं काहीच घडलं नाही.

थेक्ला परतली तेव्हा पुतळा उघडा होता.

"तो झगा तुम्हीच नेलात ना?" आमपारोने विचारलं.

"हो," थेक्ला खोटं बोलली.

चहा पिऊन वर येईतो तो पुतळ्यावर परत होता. सगळी बटणं लावलेली.

शुक्रवारी दुपारी आदल्या दिवसाची फिल्म पाहायला दहाबारा जण छोट्या थिएटरात बसले. पहिल्यांदा कोरिन चालली. दुसऱ्यांदा कोरिन चालली.

तिसऱ्यांदा पडद्यावर नवरीची पाठ आली.

ती बुटकी होती. उजवा खांदा उतरलेला. पावलं टाकत होती ती नटीसारखी नव्हे. ओल्या दगडावरून चालायची सवय असलेल्या बाईसारखी, जपून आणि घाईने.

"वा!" हॅस्केल ओरडला. "खांदा काय पाडलास, कोरिन! हाच घ्यायचा!"

कोरिनचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती थेक्लाच्या कानाशी वाकली.

"ती मी नाही."

"माहीत आहे," थेक्ला म्हणाली.

तिची नजर पडद्यावरून हलली नाही. वेदीपाशी नवरी थांबली. खांद्यापासून कमरेपर्यंत एक सुरकुती नव्हती. इतक्या वर्षांत थेक्लाने राण्यांना, सरदारकन्यांना झगे चढवले होते. पण कपडा असा कोणालाच बसला नव्हता. तिची मान ताठ झाली. ऑर्डवेंनी अंधारात वळून तिच्याकडे पाहिलं आणि हळूच टोपी काढली.

चित्रपट गाजला. लोक रडत रडत हसत बाहेर पडले. तिसरा तुकडाच त्यात राहिला; कोणाला काही खटकलं नाही. वापरलेले कपडे गोदामात गेले. पहिला झगा कुठल्याच यादीत नव्हता, तो थेक्लाच्या टेबलाशेजारी पुतळ्यावर राहिला. रोज सकाळी ती त्याला ब्रश फिरवायची आणि सवयीने टेप लावायची.

ख्रिसमसच्या सुमाराला कंबर पाऊण इंचाने सैल भरली.

जानेवारीत दोन इंचांनी. छातीही वाढली होती. शिवणी तिच्याच हातच्या, दर नऊ टाक्यांनंतर उलटा टाका. थेक्लाने पुतळ्यात कापूस भरला.

मार्चमध्ये पुढचा घेर वर उचलला गेला. आमपारोने एकदा त्याच्याकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि आपली खुर्ची खिडकीपाशी नेली.

मेच्या शेवटी एका सकाळी थेक्लाने कुलूप काढलं तेव्हा झगा पुतळ्यावर ढगळ लोंबत होता. कंबर उतरून सव्वीसवर आली होती. उन्हाची तिरीप त्याच्यावर पडली होती. पुढच्या भागावर, छातीपाशी दोन्ही बाजूंना, बशीएवढे दोन डाग होते.

तिने तळवा टेकवला. ओले होते, दुधाच्या वासाचे. अजून कोमट.