सतरावा परिच्छेद

तो तिच्या गाडीत बसला तो निव्वळ योगायोगाने. त्याचा ठरलेला शिक्षक आजारी पडला आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने याला ब्रेकबाईच्या गाडीत ढकललं. ब्रेकबाई हे नाव शिकणाऱ्यांनी ठेवलेलं. शेजारच्या सीटखाली तिचा वेगळा ब्रेक होता, आणि तो वापरताना ती दयामाया दाखवत नसे.

पेशाने तो दंतवैद्य. पहिल्याच चौकात त्याने सिग्नल सोडून तिच्याकडे बघितलं. तिने ब्रेक मारला. त्याचं नाक काचेवर आपटता आपटता राहिलं.

"समोर बघा, डॉक्टर. माझे दात सगळे शाबूत आहेत."

"तेच बघत होतो," तो म्हणाला.

तिला हसू आलं. आलं ते तिने गिळलं. पूर्वी ती सैन्यात अँब्युलन्स चालवायची. बऱ्याच गोष्टी गिळायची सवय तिथेच लागली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्याने तिचीच गाडी मागून घेतली. आणि एक गंमत सुरू झाली. तो प्रत्येक गोष्ट आधी सांगायचा. आता हॉर्न वाजवतो हं. आता जरासा धक्का बसेल... झालं, झालं. तिला वाटलं, धंद्याची खोड. खुर्चीत आ वासून बसलेल्यांना दिवसभर हेच सांगत असणार. तिने त्याला चिडवलंही, की गाडीला भूल द्यायची गरज नसते. पण आधी सांगून वाजलेला हॉर्न तिच्या छातीत घुसत नव्हता. त्याच्या तासाची ती वाट बघायला लागली. केस नीट बांधून यायला लागली. मालकाने भुवया उंचावल्या, त्याला तिने एका नजरेत गप्प केलं.

मग एकदा शेजारून जाणाऱ्या ट्रकचा टायर फुटला.

धाडकन. तिचे हात डॅशबोर्डवर गोठले. आणि तो, रस्त्यावरची नजर न हलवता, अगदी हळू आवाजात म्हणाला, "रेडिएटर... पंख्याचा पट्टा... पाण्याचा पंप..."

इथे थांबायला हवं.

सैन्यातून परतल्यावर तिला ██████ व्हायचं. झोपेत तर ██████████. वाचता येत नाही? नाहीच यायला पाहिजे. ते तिचं आहे.

तिने ते एकदाच सांगितलं होतं, बंद खोलीत, सैन्याच्या डॉक्टरांना. फार झालं की इंजिनाचे भाग ओळीने मोजते, हेही सांगितलं होतं. पुढे तिची अपंगत्वाची पेन्शन नाकारली गेली. ती अपिलात गेली. अपील करायचं तर सगळी फाईल कोर्टात द्यावी लागते. तिने दिली. जिंकलीही. आणि कोर्टाने निकाल जसाच्या तसा इंटरनेटवर टाकला; तिच्या पूर्ण नावासकट, झोपेसकट. इंजिनाचे भाग सतराव्या परिच्छेदात. घरमालकाने वाचला, खोली सोडायला सांगितली. बहिणीच्या सासरी वाचला, त्यांनी लहान पोरांना तिच्याजवळ सोडणं बंद केलं. ती कोर्टात भांडायला गेली तेव्हा खिडकीतला कारकून चहा पीत म्हणाला, नाव झाकायचा अर्ज निकालाआधी करायचा असतो, मॅडम.

आधी कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही.

"गाडी बाजूला घ्या," ती म्हणाली.

त्याने घेतली. तेवढं एक त्याला आता नीट जमत होतं.

"कधी वाचलंत?"

"पहिल्याच संध्याकाळी." त्याने सारवासारव केली नाही. "तुमचं नाव शोधलं. फोटोबिटो सापडेल म्हणून. सगळ्यात वर तेच आलं."

"नाव शोधलंत, समजू शकते. सतराव्या परिच्छेदापर्यंत कशाला गेलात?"

त्याची नजर खाली स्टिअरिंगवर गेली. दारू, जखमा, प्रेतं, काय काय तिने जवळून बघितलं होतं. पण या खाली गेलेल्या नजरेने तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच तिला भयंकर राग आला. म्हणजे इतके दिवस तो बाईशी बोलत नव्हता, निकालाशी बोलत होता! जपून, हळुवार, पेशंटशी बोलावं तसा.

"थांबायला हवं होतं मी," तो शेवटी म्हणाला. "थांबलो नाही."

ती उतरली. जाताना दार इतकं आपटलं की या वेळी तो दचकला.

चार दिवस त्याचा तास दुसऱ्याने घेतला. पाचव्या दिवशी ती त्याच्या दवाखान्यात घुसली, वेटिंग रूममधल्या सुजलेल्या गालांना ओलांडून. कारकुनाला न जुमानता तिने उशिरा का होईना केलेला नाव झाकायचा अर्ज सुनावणीला लागला होता. कोर्ट विचारत होतं, निकाल उघडा राहिल्याने प्रत्यक्ष नुकसान काय? घरमालक साक्ष देणार नव्हता, बहिणीचं सासर तर नाहीच.

"माझं नुकसान म्हणजे तुम्ही," ती म्हणाली. "येऊन सांगा तसं."

तो आला. दवाखाना बंद ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून. नाव शोधायला किती वेळ लागला, काय काय वाचलं, ते कळल्यावर आपण कसे वेगळे वागलो, सगळं त्याने मान खाली न घालता सांगितलं. ऐकताना तिची मूठ वळलेलीच होती. पण या वेळी त्या खोलीत ती एकटी नव्हती.

न्यायाधीश बाईंनी चष्मा वर केला. "साक्षीदाराचं अर्जदाराशी नातं काय?"

त्याने तोंड उघडलं. टायपिस्टची बोटं तयार होती.

"हे लिहायचं नाही," ती उभी राहून म्हणाली. "माझं बरंच लिहून झालंय तुमचं. हे नाही."

वकील तिचा पदर ओढायला लागला. न्यायाधीश बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग टायपिस्टला म्हणाल्या, प्रश्न काढून टाका. आणि निकालाच्या वेबसाइटवरून अर्जदाराचं नाव आजच उतरवा, वैद्यकीय तपशील झाका. बाकी आदेश नंतर.

बाहेर व्हरांड्यात माणसांची गर्दी होती. कोणी फाईल काखेत घेऊन, कोणी फोनवर.

"झाकलं म्हणून विसरलं जात नाही," ती म्हणाली. "ज्यांनी वाचलं ते वाचलं. मला अजून राग आहे. तुमचाही."

"असू दे."

"आत काय सांगणार होतात?"

"की मला तुम्ही आवडता. वाचून कीव आली म्हणून नाही. ब्रेक मारून दातांवरून टोमणा मारलात ना, त्या..."

शेजारच्या बाकावरचा माणूस फोन विसरून ऐकायला लागला होता. तिने दंतवैद्याची बाही पकडून त्याला जवळ ओढलं, इतकं की त्याचा श्वास तिच्या कानाला लागला.

"हळू," ती म्हणाली. "मला एकटीलाच सांगा."