समोरच्या खिडकीतली निएवेस

त्या दुपारी आम्हाला फक्त हॉटेल ठरवायचं होतं, बाकी काही नाही.

माझी धाकटी बहीण निएवेस दोन वर्षं इस्पितळात काढून नुकतीच बाहेर पडली होती. बरी झाले की मेक्सिको सिटीत सुट्टी घालवायची, हे तिने तिथल्या खाटेवरच ठरवलं होतं. साकातेकासहून बसने उतरलो तेव्हापासून तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

रोमा भागातली दोन झकास हॉटेलं तिने हेरून ठेवली होती. एकाच रस्त्यावर, समोरासमोर. मध्ये जांभळ्या फुलांनी लगडलेली हाकारांदाची झाडं.

"दोन्ही बघायची, मगच ठरवायचं. घाई केलीस तर बघ, ताई!"

पहिलं हॉटेल पांढरंशुभ्र. पाचव्या मजल्यावरची खोली उघडून देऊन तिथली बाई खाली गेली. निएवेसने पलंगावर धाडकन अंग टाकलं, लगेच उठून न्हाणीघरातले साबण हुंगून आली.

"इथेच राहू या!"

"आणि दुसरं?"

"तू म्हणजे ना... शाळा सुटली तरी मास्तरीणच!"

मी हसत पुढे होऊन लिफ्ट बोलावली. ती जरा मागे राहिली. मग धावत येऊन तिने माझा हात धरला. हात गारठलेला होता. धुतला असेल, मला वाटलं.

समोरच्या हॉटेलात हिरव्या फरशा, काळं लाकूड, ओल्या मातीसारखा वास. तिथेही पाचवा मजला. तिने आत पाऊल टाकलं आणि म्हणाली, "हेच. आत्ताच घेऊन टाकू."

मी पडदा सारला. लख्ख ऊन होतं. मघाची खोली अगदी समोर दिसत होती.

त्या खोलीच्या खिडकीत निएवेस उभी होती.

तोच पिवळा झगा. दोन्ही तळवे काचेवर आपटत, माझ्याकडे बघत, ती काहीतरी ओरडत होती. आवाज मात्र येत नव्हता.

"काय बघतेस, ताई?" माझ्या मागून निएवेसने विचारलं.

"काही... नाही."

ती शेजारी येऊन उभी राहिली. तिनेही समोर पाहिलं. बराच वेळ. मग हलकेच पडदा ओढून घेतला.

"पर्स विसरले तिकडे," असं काहीतरी बोलून मी जिने उतरत सुटले. रस्ता ओलांडला. काउंटरवरच्या बाईने मला पाहून सुस्कारा सोडला.

"आलात! बहीण किती घाबरली होती तुमची... दार आतून उघडेना म्हणाली. आत्ताच रडत गेली तुम्हाला शोधायला."

"कुठे गेली?"

तिने दाराकडे हात केला, आणि तो तसाच राहिला. माझ्यामागे कोणीतरी येऊन उभं होतं.

"इथे आहे की मी, ताई," गार बोटं माझ्या बोटांत गुंतवत ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत मी तो रस्ता पालथा घातला. ती माझ्या हातात हात घालून सोबत चालत होती, हसत होती. शेवटी हिरव्या हॉटेलात आम्ही तीन रात्री राहिलो.

याला पाच वर्षं झाली. ती माझ्याजवळच राहते. कधी साधी शिंकसुद्धा नाही.

मधूनच शाळेत मला फोन येतो. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज, आणि दम लागलेली माझी बहीण.

"ताई... कुठलं हॉटेल ठरवलंस गं?"