एकोणिसावं खोकं

पीटर्सबर्गच्या थंडीत संगमरवर तडकतो. म्हणून दर ऑक्टोबरात तिथल्या उन्हाळी राजवाड्याच्या बागेतल्या प्रत्येक पुतळ्यावर करड्या रंगाचं लाकडी खोकं चढवतात आणि मे महिन्यात उतरवतात. मधले सात महिने फिरायला येणाऱ्यांना झारच्या बागेत नुसती कपाटं उभी दिसतात.

खोकी उतरवायच्या सकाळी झाडांच्या सावलीत बर्फाचे मळके ढीग अजून शिल्लक होते. पुतळ्यांची देखरेख करणाऱ्या रिम्मा अर्काद्येव्ना नोंदवही काखेत मारून आल्या, ओठाला मलम लावून. खालचा ओठ डावीकडे ऑक्टोबरपासून ठणकत होता आणि बरा म्हणून होईना. डॉक्टरने थंडीवर खापर फोडलं होतं. हिवाळाभर नाकात पाइनच्या लाकडाचा वास भरून राहिला होता, ते मात्र त्यांनी डॉक्टरला सांगितलं नव्हतं. असलं काही बोलणाऱ्यातल्या त्या बाई नव्हत्याच.

सुतार गेर्मान खोक्यांवर खडूने खुणा करत चालला होता. तळ्याच्या वळणावर तो थांबला.

"रिम्मा अर्काद्येव्ना, आपले पुतळे किती?"

"अठरा. शुद्धीवर आहेस ना?"

"मी आहे हो. खोकी नाहीत. हे एकोणिसावं."

वळणावर, जिथे कधीच पुतळा नव्हता, तिथे एक खोकं उभं होतं. अंगावर नंबर नव्हता. चौथरा नसल्यामुळे ते थेट जमिनीवर टेकलं होतं. समोरच्या फळीला पाच गोल भोकं होती.

गेर्मानने भोकांवरून बोट फिरवलं. "हे माझं काम नाही. मी छपराखाली फटी ठेवतो. भोकं पाडायचे ते आमचे सासरे."

रिम्मा अर्काद्येव्नांनी ते आधीच ओळखलं होतं. गेर्मानचा सासरा, म्हातारा सुतार येफिम सावेलिच, प्रत्येक पुतळ्याच्या नाकासमोर मोजून पाच भोकं पाडायचा. दगडालाही श्वास लागतो, कोंडला की काळा पडतो, म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी हातात फुलं असलेल्या देवीच्या पुतळ्यावर खोकं चढवताना तिची करंगळी तुटली. घाई बाईंना होती आणि फळीला धक्काही त्यांचाच लागला होता. अहवालात मात्र त्यांनी लिहिलं, 'सुताराचा हात थरथरला.' चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला आठवड्याभरात घरी बसवलं. तो नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. पुढच्या उन्हाळ्यात तो वारला. बाई अंत्ययात्रेला गेल्या नाहीत, कारण त्याच्या बायकोला कुठल्या तोंडाने भेटायचं? आजही त्या आठवणीने त्यांच्या कानशिलं तापली.

"भोकं बघा ना," गेर्मान म्हणाला. "पुतळ्यांना लागतात त्याहून किती खाली! तुमच्या उंचीला बरोबर."

"थट्टा पुरे."

त्याने पाचर काढली. समोरची फळी दारासारखी उघडली. आत काही नव्हतं. खाली गेल्या वर्षीचा पाचोळा होता आणि मध्ये शेजारी शेजारी दोन ठिकाणी माती उघडी पडली होती, बायकांच्या बुटांएवढी.

गेर्मानने त्या दोन खुणा पाहिल्या. मग त्याने टोपी काढली.

"एक विचारू? राग मानू नका. सासूबाई अजून रोज विचारतात. सासऱ्यांचा हात खरंच थरथरला होता का? त्यांच्याबरोबर तिथे तुम्ही एकट्याच होतात. नाही म्हणालात, तर म्हातारी सुखाने झोपेल."



"थरथरला होता," त्या म्हणाल्या.

"बरं." त्याने टोपी घातली आणि तो पुढच्या पुतळ्याकडे निघून गेला.

शरमेने त्यांना उभं राहवेना. कुणाच्याही नजरेला पडू नये एवढंच वाटत होतं. त्या खोक्यात शिरल्या.

खांदे दोन्हीकडे नेमके टेकले. बूट उघड्या मातीवर नेमके बसले. त्यांनी फळी अर्धवट ओढून घेतली आणि भोकं बरोबर तोंडासमोर आली.

भोकांभोवतीचं लाकूड आतून काळं पडलं होतं. दमट होतं.

मधल्या भोकाच्या कडेची बारीक कपची निघालेली होती. तिथे रक्ताचा वाळका डाग होता.

त्यांची जीभ आपोआप ओठाच्या डाव्या बाजूला गेली. काहीतरी टोचलं. नखांनी ओढल्यावर लाकडाचं कुसळ बाहेर आलं.

त्यांनी ते भोकाच्या तुटक्या कडेला लावून पाहिलं. नेमकं बसलं.

"गेर्मान!" त्या ओरडल्या. "धक्का माझा होता!"

भोकांतून तो वीस पावलांवर दिसत होता. त्याने मान वळवली नाही.

फळी ढकलून त्या बाहेर आल्या आणि पुन्हा हाक मारली. आता तो वळला.

"काही म्हणालात?"

सांगायचं तेच होतं. ओठ उघडलेही होते.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

"मग ह्या खोक्याचं काय करू? फोडून टाकू?"

"नको. कोठारात ठेव. ऑक्टोबरात लागेल."

हे आपण का म्हणालो, ते त्यांना कळेना. सात महिन्यांत पहिल्यांदाच ओठ दुखायचा थांबला होता.