चूल-पडताळणी

या मंडळी, जरा पुढे सरका. मागे बसणाऱ्याला प्रसाद मिळतो, पण गोष्ट अर्धीच ऐकू येते. आजची कथा पुराणातली नाही, बाजारातली आहे. ऐकून झाली की माझं एक मागणं आहे, तेवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं.

बार्शीच्या 'भरभराट बाजार' या मोठ्या दुकानात त्या दुपारी दोन जावा एका गल्ल्यासमोर उभ्या होत्या. थोरली हर्षदा, धाकटी सुवर्णा. पलीकडे बाकावर त्यांच्या सासूबाई, द्वारकाबाई, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसलेल्या. द्वारकाबाईंचं कानयंत्र बंद पडलं होतं आणि देवळातला कीर्तन सप्ताह उद्यापासून बसणार होता. मागच्या वर्षी बाईंनी बुवांच्या ओठांकडे बघून कीर्तन ऐकलं होतं. सगळा मांडव हसला, की त्या हसायच्या. एक क्षण उशिरा.

नवं यंत्र गोंगाटातून माणसाचा आवाज नेमका वेचून घेत असे. पण ते पूर्ण किमतीला घेणं दोघींपैकी एकीलाही झेपणारं नव्हतं. हर्षदाच्या कार्डावर नेहमीच्या खरेदीचे निष्ठागुण साठले होते, सुवर्णाकडे सवलतीचं कुपन होतं, आणि कुपनाची मुदत आज संपत होती.

गल्ल्यावर माणूस नव्हता, बोलणारं यंत्र होतं. "क्षमस्व ताई. निष्ठागुण वापरले की कुपन चालत नाही."

"मग गुण राहू दे, कुपन घे," हर्षदा म्हणाली.

"कुपन सुवर्णाताईंचं आहे. वस्तू आपल्या टोपलीत आहे."

वस्तू सुवर्णाच्या टोपलीत गेली.

"क्षमस्व. टोपली बदलल्यामुळे सणाची सूट रद्द झाली. ती परत हवी असल्यास निष्ठागुण लागतील."

"जे कुपनासोबत चालत नाहीत!"

"बरोबर, ताई."

"मग दिलेत कशाला रे दोन्ही? तोरण करून दाराला बांधायला?"

"आपला अभिप्राय नोंदवला आहे. त्याबद्दल आपल्याला दोन निष्ठागुण मिळाले."

हर्षदाने कपाळावर हात मारला. सुवर्णाला हसू आलं होतं, पण तिने ते गिळलं. जावांचं बोलणं बंद होतं. वाटणी झाली त्या वर्षी भर पंगतीत सुवर्णा म्हणाली होती, "जाऊबाईंच्या घरचं ताक म्हणजे नुसतं पाणी." तेव्हापासून एकीने दुसरीच्या घरचा घास घेतला नव्हता. आतासुद्धा दोघी गल्ल्यामार्फत बोलत होत्या.

"त्यांना सांग, कार्ड नीट धरा म्हणावं."

"हर्षदाताई, कार्ड नीट धरा, असं सुवर्णाताई म्हणतात."

"तिला सांग, मी आंधळी नाही."

शेवटी व्यवस्थापक रुखसाना आतार उठून आल्या. "गुण आणि कुपन एकत्र चालतात हो, पण एकाच चुलीवर जेवणाऱ्यांना. पूर्वी लोक कुणाचंही कार्ड कुणालाही जोडायचे. आता श्वासपेटीत फुंकर मारायची." त्यांनी नळी लावलेली एक डबी दाखवली. "एका घरचं खाणाऱ्यांच्या पोटात एकाच कुळीचे सूक्ष्मजीव नांदतात. त्यांचा वास श्वासात उतरतो. कागद खोटे करता येतात, पोट नाही."

आधी रांगेतल्या एका तरुण जोडप्याने फुंकर मारली. लाल दिवा लागला. वेगळ्या चुली.

"अहो, नवराबायको आहोत आम्ही! एकाच फ्लॅटमध्ये राहतो!"

"जेवता कुठं?"

"मी ऑफिसात," तो म्हणाला आणि बायकोकडे वळला. "तू कुठे जेवतेस गं?"

ती टोपली तिथेच ठेवून निघून गेली.

"झालं!" सुवर्णा म्हणाली. "त्यांचं जुळलं नाही, आमचं काय जुळणार?"

हर्षदाने बाकाकडे पाहिलं. द्वारकाबाई सगळ्यांचे ओठ वाचत उगीचच हसत होत्या.

"फुंक," ती म्हणाली. कित्येक वर्षांत जावेशी थेट बोललेला पहिला शब्द.

"तुम्ही आधी."

दोघींनी फुंकर मारली. पेटी बराच वेळ घुमत राहिली. मग हिरवा दिवा लागला. एक चूल.

"बिघडलंय तुमचं यंत्र!" दोघी एका सुरात ओरडल्या.

पुन्हा फुंकलं. पुन्हा हिरवा. रुखसानाबाईंनी पडद्यावर बारकाईने पाहिलं. "बाकीचं जेवण वेगळंच दिसतंय. जुळतंय ते आंबलेल्या दुधातलं, आणि चांगलंच जुनं. दही कुठून आणता?"

"घरी लावते मी."

"मीही घरीच लावते. कवडी पडते माझ्या दह्याला, त्यांच्यासारखं नाही."

हिरवा दिवा बघून द्वारकाबाईंनी खुणेनेच विचारलं, काय झालं? रुखसानाबाईंनी तळहाताची वाटी केली आणि तीत बोट फिरवून दाखवलं.

"विरजण होय!" बाई ओरडल्या. कानाने अधू माणूस बोलतो तसं, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं. पिशवीतून त्यांनी घट्ट झाकणाची स्टीलची डबी काढली. "ही काय! मी महिनाभर हिच्याकडे, महिनाभर तिच्याकडे. निघताना इकडचं घ्यायचं, तिकडच्या पातेल्यात घालायचं. सुवर्णाचं दही नासायचं, ती चुलीपुढं रडायची. थोरलीच्या पातेल्यातलंच घातलं मी. माझ्या सासूचं विरजण हे. भांडी वाटलीत, भिंती वाटल्यात, ह्याची वाटणी कुणी मागितली नाही, मी दिली नाही!"

रांगेतली माणसं डबी बघायला पुढे सरकली.

"पाणी, नाही का?" हर्षदा हळूच म्हणाली.

सुवर्णाचा चेहरा लालेलाल झाला. "दूधच पातळ होतं तुमचं. विरजण चांगलं असणार."

"दोन्ही कार्डं कायमची जोडायची का?" गल्ल्याने विचारलं. "नंतर वेगळी करता येणार नाहीत. दोघींनी एकाच वेळी हो म्हणा."

कायमची, म्हटल्यावर दोघी घुटमळल्या. मग सुवर्णा म्हणाली, "हो." मागून हर्षदा, "हो."

"क्षमस्व. एकाच वेळी."

पुन्हा एक पुढे, एक मागे.

"क्षमस्व. एकाच—"

"अरे मेल्या, म्हटलं ना हो!" दोघी एकदम कडाडल्या.

"धन्यवाद. जोडणी पूर्ण झाली."

यंत्र कानात बसलं, तेव्हा जावा कुणाच्या दुधात पाणी जास्त यावर मनसोक्त भांडत होत्या. द्वारकाबाईंनी डोळे मिटून थोडा वेळ ते भांडण ऐकलं.

"हळू गं पोरींनो," त्या म्हणाल्या. "ऐकू येतंय आता."

दुसऱ्या दिवशी मांडव हसला, तेव्हा बाई सगळ्यांच्या बरोबर हसल्या. दोन्हीकडे दोन सुना बसल्या होत्या. इतक्यात दोघींच्या फोनवर भरभराट बाजाराचा एकच निरोप आला: 'आपल्या चुलीशी जुळणारी आणखी काही घरं गावात आढळली आहेत. नावं पाहायची का?'

दोघींनी सासूबाईंकडे पाहिलं. ती डबी कुणाकुणाच्या दारात जाऊन आली होती? कुणाच्या अडचणीत? आणि बाईंनी जे कुणालाच सांगितलं नाही, ते दुकानाने का सांगावं? हर्षदाने फोन पालथा ठेवला. सुवर्णाचं बोट अजून पडद्यावर रेंगाळत होतं. तुम्ही काय केलं असतं?

तर मंडळी, माझं मागणं एवढंच. आज घरी जाल, कोमट दुधात चमचाभर दही सोडाल आणि झाकण ठेवाल, तेव्हा द्वारकाबाईंची आठवण काढा.