बारा सायकलींची गाडी

तो रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभा राहिला, तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. गाडी माझ्या हातात येऊन जेमतेम तास झाला होता. एका दवाखान्याने काढून टाकलेली जुनी अँब्युलन्स… बाजूला लाल पट्टा, पुढे उलटी अक्षरं, टपावर बंद पडलेला निळा दिवा. मी ती सायकली वाहायला घेतली होती, पण नुसत्या बघणाऱ्याला ते कसं कळणार?

मी ब्रेक दाबला. तो धावत खिडकीशी आला. वेल्डिंगचा काळा गॉगल कपाळावर चढवलेला, शर्टाला ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं.

"आलात एकदाच्या," तो धापा टाकत म्हणाला. "आत्या पडलीय… जिन्यावरून."

त्याने बोलावलेली अँब्युलन्स कुठेतरी अडकली होती आणि नेमकी त्याच वेळी समोरून मी आले होते. ही अँब्युलन्स नाही, आत स्ट्रेचर नाही, मी सायकली दुरुस्त करते… हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मग मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"कुठे आहेत त्या?" मी विचारलं.

जिन्याच्या तळाशी एक ठेंगणी, गोरीपान बाई भिंतीला टेकून बसली होती. पाय हलत नव्हता, पण तोंड व्यवस्थित चालू होतं. त्याने आपल्या वर्कशॉपमधून प्लायवूडची मोठी फळी आणली. शेजारचे दोघं मदतीला आले. आत्या कळवळत होत्या आणि मधेच त्याला बजावत होत्या, "घुम्या, मला सांडू नकोस." गाडीत एका बाजूला नातेवाइकांना बसायचा लांब बाक तेवढा शिल्लक होता. फळी त्याच्यावर ठेवली आणि तो खाली गुडघे टेकून ती दोन्ही हातांनी धरून बसला.

खरं काय ते मी गाडी चालू केल्यावर सांगितलं. आरशात पाहिलं तर त्याने फक्त मान हलवली. मी हॉर्नवरून हात काढला नाही आणि समोरच्या गाड्या भराभर बाजूला होत गेल्या. रस्त्याने माझं असं कधीच ऐकलं नव्हतं.

दवाखान्याच्या दारात वॉर्डबॉयने विचारलं, सोबतची नर्स कुठे आहे? मला सांगावं लागलं की नर्स नाही, ही सायकलींची गाडी आहे. आत्यांना आत नेलं. त्यांच्या मागे जाता जाता तो थबकला, वळला, आणि त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"सायकलींची?" तो म्हणाला. एवढंच. आणि आत गेला.

मला उगीचच वाटत राहिलं, अजून एखादा शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं.

आत्यांच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, हे मला तो विचारत विचारत दुकानात आला तेव्हा कळलं. आमचं सायकलचं दुकान म्हणजे पुढे बाबा आणि मागे मी. बाबा विकतात, मी उघडते आणि जोडते. आणि सकाळी मोठ्या मैदानावर बायकांना सायकल शिकवते. चाळिशीच्या, पन्नाशीच्या, एक तर निवृत्त झालेल्या शिक्षिका. मैदानाला चकरा मारून त्यांना कंटाळा आला होता. त्यांना डोंगरावरच्या तळ्याकाठी जायचं होतं आणि तिथून घाट उतरून यायचं होतं. त्या बसने वर जाऊ शकत होत्या, पण बसवाले सायकली घेत नव्हते. म्हणून ही गाडी. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारून पाहिली आणि म्हणाले, इंजिन चांगलं आहे, अक्कल कोणाची आहे ते कळत नाही.

तो बराच वेळ दारात उभा होता. बाबांनी दोनदा विचारलं, काय हवंय. शेवटी त्याने मागच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे बोट दाखवलं.

"तिच्यातले रॅक मी करणार," तो म्हणाला.

करू का असं विचारलं नव्हतं, करणार असं सांगितलं होतं. मी म्हटलं, उपकार फेडायचे म्हणून असेल तर नको.

"उपकार आहेतच," तो म्हणाला. "पण… तेवढंच नाही."

पुढे काय आहे ते काही बोलला नाही. लगेच मेजरिंग टेप काढून माप घ्यायला लागला. आत्या त्याला घुम्या का म्हणतात ते मला त्या दिवशी समजलं.

मग संध्याकाळी तो यायला लागला. आधी आम्ही अक्षरं काढली. मी हेअर ड्रायरने स्टिकर तापवायचे, तो नखाने कड उचलून हळूहळू ओढायचा. अक्षरं निघाली तरी खालचा रंग इतका पांढरा राहिला होता की शब्द तसाच वाचता येत होता. त्याच्यावर पिवळ्या रंगाचे दोन हात दिले. एकदा रंगाचा एक थेंब माझ्या भुवईवर उडाला. तो सांगायला आला, बोट उचललं, पण मधेच थांबला आणि फडकं माझ्या हातात दिलं. त्याचे कान लाल झाले होते. मी फडकं मुद्दाम चुकीच्या भुवईवर फिरवलं.

"दुसरी," तो म्हणाला.

"कुठली दुसरी?"

"तुम्हाला माहीत आहे कुठली," तो म्हणाला आणि हसला. तो हसला की एका गालावर खळी पडते, दुसऱ्यावर पडत नाही.

चौकोनी पाइपचा सांगाडा उभा राहिला. गाडीच्या तळावर चाकांसाठी पन्हळी, पुढचं चाक काढून सायकल अडकवायला चिमटे, सगळीकडे रबराच्या पट्ट्या. पहिल्या दोन सायकली शेजारी लावल्या तर हँडलला हँडल अडकलं. त्याने एक सायकल उलट्या तोंडाने फिरवली. दोन्ही अगदी चिकटून बसल्या.

"एकाच दिशेला तोंड केलं तर भांडतात," तो म्हणाला. "उलटसुलट ठेवल्या की जवळ येतात."

मी त्याच्याकडे बघत राहिले.

"हँडलबद्दल बोलतोय," तो घाईने म्हणाला.

"मग मी कुठे काय म्हटलं…"

रविवारी त्याने मला आत्यांकडे नेलं. त्या वॉकर धरून घरातल्या घरात चालत होत्या. त्यांनी मला जवळ बसवलं आणि तो चहा करायला आत गेल्यावर सगळं सांगून टाकलं. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हापासून हा त्यांच्याकडे. आता त्या पडल्यापासून वर्कशॉपमधून तासातासाला येऊन डोकावतो. त्या न्हाणीघरात असल्या तर बाहेरून हाका मारत राहतो. "मला धड खोकताही येत नाही ग," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे येतो तेवढे दोन तास मला मोकळा श्वास मिळतो. लवकर संपवू नकोस ते काम."

काम खरंच संपत नव्हतं. का, ते मला उशिरा कळलं. सगळं झालं होतं, फक्त तो लांब बाक होता तिथेच होता. उद्या काढू, तो म्हणायचा. पाना आणला नाही, बोल्ट गंजलेत, आज उशीर झाला. बाक ठेवला तर आठच सायकली बसत होत्या. बाराजणी तयार झाल्या होत्या आणि तारीख ठरली होती.

शेवटी एका संध्याकाळी मीच पाना घेऊन आत शिरले. पहिल्या बोल्टनेच घाम काढला. तेवढ्यात तो आला. बाहेर पावसाची सर आली होती, टपावर ताडताड वाजत होतं. तो दारातच उभा राहिला, खांद्यावरून पाणी निथळत होतं.

"राहू द्या ना तो," तो म्हणाला.

मी म्हटलं, राहू दिला तर चौघींना मागे ठेवावं लागेल. कोणत्या चौघी, ते तुम्ही सांगा. शिक्षिकाबाईंना सांगू? आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी सायकल घेतलीय त्यांनी.

"कोणाला काही झालं तर?"

"कोणाला?"

तो एकदम बोलायला लागला आणि थांबेचना. त्या दिवशी तो किती वेळ रस्त्यावर हात करत उभा होता. किती गाड्या काच वर करून निघून गेल्या. "एकही थांबेना. आणि तू थांबलीस. आत बाक होता म्हणून आत्याला नेता आलं. हा काढला आणि उद्या ती पुन्हा पडली… तर मी कुणाकडे बघू?"

माझ्या हातातला पाना खाली आला.

"बाक होता म्हणून नाही थांबले मी," मी म्हटलं. "मला तर आत बाक आहे हेही आठवत नव्हतं. तुझा चेहरा बघून थांबले."

पाऊस वाजत राहिला.

"आत्यांना काही झालं तर मला फोन कर. असेन तिथून येईन. सायकली भरलेल्या असतील तर रस्त्याकडेला उतरवून ठेवीन आणि येईन. बाक असो नसो."

तो माझ्याकडे बघत होता. भांडताना 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नव्हतं, आणि आता उचलून परत लावायची कोणाची इच्छा नव्हती. तो आत आला, माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि त्याने पान्यावर माझ्या हाताच्या वर हात ठेवला. बोल्ट करकरला आणि सुटला.

ठरल्या दिवशी बाराच्या बारा सायकली डोंगरावर गेल्या. तो माझ्या शेजारी बसून आला. वळणावळणावर मागे वळून चिमटे घट्ट आहेत ना ते बघत होता. तळ्याकाठी गार वारा होता. बायका बसमधून उतरल्या आणि पिवळी गाडी बघून टाळ्या वाजवायला लागल्या. शिक्षिकाबाईंनी रॅकवरून हात फिरवून विचारलं, कोणी केलं हे? तो गाडीच्या मागे लपला.

बायका हेल्मेट घालून घाटाला लागल्या. आम्ही गाडी घेऊन मागून हळूहळू जायचं ठरलं होतं, कोणी दमलं किंवा पंक्चर झालं तर उचलायला. शेवटची पाठमोरी ओढणी वळणाआड गेली आणि एकदम शांत झालं. मी दार उघडायला गेले तर तो गाडीच्या पुढे उभा.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "मला सायकल येत नाही."

मी बघतच राहिले. इतके दिवस सायकलींच्या गराड्यात वावरला, प्रत्येक नटबोल्ट ओळखतो… आणि मला हसू आवरेना.

"हस," तो म्हणाला. "पण आता दुसरं सांगतो त्याला हसू नकोस." त्याने खिशात हात घातले, बाहेर काढले, पुन्हा घातले. "रॅक झाले. उद्यापासून तुझ्याकडे यायला मला काही काम नाही. आणि मला… तुझ्याकडे यायचंय. रोज. म्हणजे यायचं असं नाही… तूच असावीस. घरी. किंवा मी तुझ्या. कसंही."

घुम्याच्या मानाने हे फारच मोठं भाषण होतं. मला उत्तर माहीत होतं, केव्हापासून. मी किल्ली त्याच्या हातात दिली.

"तू चालव," मी म्हटलं. "माझं रस्त्याकडे लक्ष राहायचं नाही आता."

"म्हणजे हो?"

"म्हणजे हो."

त्याने दार लावलं, गाडी चालू केली. गिअर टाकला आणि त्याचा हात तिथून सरकून माझ्या हातावर आला. उबदार, खरबरीत, ठिणग्यांचे डाग पडलेला. मी तो हलकेच उचलून स्टिअरिंगवर ठेवला.

"घाट आहे," मी म्हटलं. "दोन्ही हातांनी चालव. खाली पोचल्यावर धर."

त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं. "खाली कधी पोचू?"

"पुढच्या बायका पोचतील तेव्हा."

पहिलं वळण घेतलं आणि त्याने कपाळाला हात लावला. बाराही जणी सायकली उभ्या करून कठड्याशी ओळीने उभ्या राहिल्या होत्या आणि एकमेकींचे फोटो काढत होत्या. आणि अजून सबंध घाट उतरायचा होता.